रस्ता कुणाचा? पार्किंग, सायकल आणि जात

(फुले-आंबेडकर जयंतीनिमित्त पुण्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "रस्त्यावरचं पार्किंग काढून तिथे सायकलचा मार्ग करावा की नाही, यावर बोलते." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. जयंतीच्या व्याख्यानात पार्किंग? आरक्षण, शिक्षण, संविधान, अत्याचार हे आपले विषय. पार्किंग हा सोसायटीच्या मीटिंगमधला विषय. पण मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली मुलं वस्तीतून शाळेत कशी येतात ते रोज बघते. म्हणून मला वाटतं की हा विषय आपलाच आहे. तो आपण इतरांवर सोडला, म्हणून त्यात आपलं नुकसान झालं. अर्धा-पाऊण तास द्या, मग तुम्हीच ठरवा.

आधी थोडं मागे जाऊ. महाडचा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७. चवदार तळं सार्वजनिक होतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असं त्यात म्हटलं होतं. कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात बंद, हे बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन मोडलं. हे आपण दरवर्षी सांगतो. पण पाण्याच्या बरोबरीने रस्त्याचाही लढा झाला, तो आपण कमी सांगतो. ३० मार्च १९२४ ला केरळात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. तो मंदिरात जाण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच मागणी होती. पेरियार त्यासाठी तुरुंगात गेले. आणि आपल्या पुण्याचं काय? पेशवाईत अस्पृश्यांनी रस्त्यावर कसं वागायचं, कमरेला झाडू, गळ्यात मडकं, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात सांगितलं आहे. याच शहरात सावित्रीबाई १८४८ मध्ये भिडे वाड्याकडे चालत जायच्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण फेकलं गेलं. ते कुठे फेकलं? रस्त्यावर. शाळेत शिरण्याआधी रस्ता पार करावा लागतो.

म्हणून संविधान लिहिताना या लोकांनी रस्ता विसरला नाही. कलम १५, उपकलम २ घरी गेल्यावर पुन्हा वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि त्यांच्या बरोबरीने रस्ते. सरकारी पैशातून राखलेल्या रस्त्याचा वापर करायला जातीमुळे कुणाला आडकाठी करता येणार नाही, असं तिथे लिहिलं आहे. आपण त्या कलमातली विहीर लक्षात ठेवली, रस्ता विसरलो.

आता सायकलकडे येते. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. त्यात नव्याने नोंदवलेल्या गुन्ह्यांत एक असा आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवायला, चप्पल किंवा नवे कपडे घालायला, लग्नात घोड्यावर बसायला अडवणं. विचार करा. स्वातंत्र्याला जवळजवळ सत्तर वर्षं होत आली, तेव्हा संसदेला कायद्यात "सायकल" हा शब्द लिहावा लागला. कारण गावोगाव आपल्या माणसाला सवर्णांच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरून ती हातात धरून चालावं लागत होतं. काही ठिकाणी आजही लागतं. सायकलवर बसलेला माणूस थोडा उंच होतो, थोडा वेगाने जातो आणि कुणाला मुजरा न करता निघून जातो. म्हणून ती त्यांना खुपते.

गावात आपल्याला सायकलवरून उतरवणारा माणूस असतो, त्याचं नाव असतं, त्याच्यावर गुन्हा दाखल करता येतो. शहरात असं कुणी नसतं. शहरात आपल्याला रस्त्याची रचनाच उतरवते. कडेला मोटारी उभ्या, मधून मोटारी धावणार, आणि सायकलवाल्याने जायचं कुठून हे कुणी ठरवलेलंच नाही. त्याविरुद्ध तक्रार करायला कलम नाही. म्हणून हा लढा आपल्याला वेगळ्या तऱ्हेने लढावा लागेल.

आता आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं की तुम्ही कामाला कसे जाता. शेतीबाहेर काम करणारे सुमारे २० कोटी लोक होते. त्यातले साडेचार कोटी पायी जात होते. २ कोटी ६० लाखांच्या आसपास सायकलने जात होते. आणि मोटार, जीप, व्हॅन सगळं मिळून किती? सुमारे ५४ लाख. म्हणजे पायी आणि सायकलने जाणारे ७ कोटींच्या वर आणि मोटारीने जाणारे अर्धा कोटी. जुना आकडा आहे, मान्य. २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. देशातल्या निम्म्या घरांत सायकल आहे, मोटार सुमारे ८ टक्के घरांत. ९२ टक्के घरांकडे मोटार नाही. आता कुठल्याही बाजाराच्या रस्त्यावर उभं राहा आणि डोळ्यांनी मोजा, त्या रस्त्याची किती रुंदी या ८ टक्क्यांना दिली आहे आणि किती बाकीच्यांना.

हिशेब सोपा आहे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दोन मोटारींची जागा २५ चौरस मीटर. फुटांत सांगायचं तर २६९ चौरस फूट. हा आकडा तुमच्यातल्या काहींनी नक्की ऐकलाय. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र कुटुंबाला मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ चं झालं, मग ३०० चं. म्हणजे बरीच वर्षं सरकारचं म्हणणं होतं की गरिबाच्या पाच-सहा माणसांच्या अख्ख्या कुटुंबाला दोन मोटारींएवढी जागा पुरे. आणि तेवढ्यासाठीही पुरावे द्या, पात्र ठरा, सर्वेक्षणात नाव आणा, पंधरा वर्षं थांबा. मोटारीला हे काही नाही. ती रात्रभर, दिवसभर, फुकट उभी. तिला कुणी विचारत नाही की तू कुठल्या सालापासून इथे राहतेस.

इथे एक खटला आठवा. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या लोकांचा तो खटला. न्यायालयाने मान्य केलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण असंही सांगितलं की पदपथ चालण्यासाठी असतात, तिथे घर करण्याचा हक्क नाही. ठीक. तत्त्व मान्य करू. सार्वजनिक रस्ता येण्याजाण्यासाठी आहे, खाजगी वस्तू ठेवण्यासाठी नाही. मग हे तत्त्व माणसाच्या झोपडीला लागू होतं, भाजीच्या टोपलीला लागू होतं, चांभाराच्या पेटीला लागू होतं, आणि वीस लाखांच्या गाडीलाच का लागू होत नाही? अतिक्रमण विभागाची गाडी येते ती हातगाडी उचलायला येते. हातगाडीवाला निदान त्या जागेवर पोट भरतो आणि लोकांना स्वस्त भाजी देतो. उभी मोटार त्या जागेवर काय करते?

आणि हा रस्ता कोण झाडतं? कचरा कोण उचलतं? पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बहुतांश बाया आपल्या समाजाच्या आहेत. त्यांची ढकलगाडी बघा. रस्त्याची कड मोटारींनी भरलेली, म्हणून त्या बाईला भरलेली ढकलगाडी घेऊन भर रहदारीत, बसच्या पुढ्यात चालावं लागतं. मागून हॉर्न वाजतो, शिवी येते. सकाळी सहाला झाडणाऱ्या कामगाराला उभ्या गाडीच्या खाली झाडू घालावा लागतो. हे लोक रस्ता राखतात आणि रस्त्यावर त्यांनाच जागा नाही.

मरणाचाही हिशेब सांगते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातले सुमारे ७५ हजार दुचाकीवरचे, सुमारे ३३ हजार पायी चालणारे, साडेचार हजारांहून जास्त सायकलवरचे. हे नुसतं नशीब म्हणता येणार नाही. ज्याच्याभोवती पत्रा नाही तो मरतो, आणि आपल्याकडे कुणाभोवती पत्रा नाही ते तुम्हाला माहीत आहे.

आता पुण्याचीच गोष्ट बघू. पुणे सायकलींचं शहर होतं, हे तुम्ही ऐकलंय. त्या गोष्टीत साधारणपणे डेक्कन, कॉलेज, प्राध्यापक असं चित्र येतं. पण खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे, पिंपरीच्या कंपन्यांकडे भोंग्याच्या वेळेला जे हजारो कामगार सायकलवर जायचे, ते त्या चित्रात नसतात. माझे वडील त्यांतले एक. डबा कॅरिअरला, पँटच्या पायाला क्लिप. त्या सायकलवर त्यांनी नोकरी केली, त्याच सायकलवर बुद्धवंदनेला, मोर्चाला, सभेला गेले. मग स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या. बस कधी पुरेशी मिळाली नाही. २०१८ मध्ये बातमी आली की पुण्यात नोंदलेल्या गाड्यांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाली.

महापालिकेने काहीच केलं नाही असं नाही. २००६ पासून बीआरटीच्या रस्त्यांना सायकल मार्ग जोडले. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, मोबाइलवर उघडणाऱ्या, आणि थोड्या काळात गेल्या. मार्ग बांधले, पण कुठे? पदपथाचा तुकडा काढून त्याला लाल रंग दिला. म्हणजे चालणाऱ्याची जागा कापून सायकलवाल्याला दिली. मोटारीच्या इंचालाही हात लावला नाही. मग त्या मार्गावर वीजपेटी, झाड, बसथांबा, दुकानाची पायरी आली आणि शेवटी दुचाकी उभ्या राहिल्या. तिथून सायकल जाणं शक्यच नव्हतं. आणि मग म्हणाले, "बघा, लोक सायकल वापरतच नाहीत."

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात काय झालं? २०११ मध्ये कोट्यवधी रुपये खर्चून सायकल मार्ग केला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. वर्षं गेली, आणि शेवटी एमएमआरडीएने ठरवलं की हा मार्ग काढून मोटारींसाठी आणखी एक मार्गिका करू. चूक पार्किंगची आणि शिक्षा सायकलला.

पुण्याचं पार्किंग धोरणही बघा. मार्च २०१८ मध्ये ते मुख्य सभेपुढे आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे द्या, एवढाच मुद्दा. शहरभर ओरड झाली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र आले. धोरण कापून पाच रस्त्यांच्या प्रयोगापुरतं ठेवलं आणि तोही प्रयोग वर्षानुवर्षं लांबला. झोपडपट्टी तोडताना एवढी एकजूट कधी दिसली का?

म्हणून आजच्या विषयाचं मूळ वाक्य हे आहे: पार्किंग न काढता सायकल मार्ग होत नाही. रस्ता रबराचा नाही. उभ्या मोटारींची रांग अडीच मीटर रुंदी खाते. एका दिशेच्या चांगल्या सायकल मार्गाला दोन मीटर लागतात. म्हणजे जागा आहे. रस्ता रुंद करायला नको, कुणाचं घर पाडायला नको, झाड तोडायला नको. फक्त उभी मोटार हलवायची आहे. शंभर मीटरच्या रांगेत सोळा-सतरा मोटारी उभ्या असतात. त्या सोळा-सतरा माणसांची सोय आणि दिवसभरात तिथून जाणाऱ्या शेकडो माणसांचा जीव, यात शहर रोज निवड करतं. निवड आधीच झालेली आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

हे जगात झालंय. नेदरलँड्स आधीपासून सायकलींचा देश होता असं आपण समजतो. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" अशा नावाची चळवळ उभी राहिली. तिथले मार्ग त्या आंदोलनांच्या दबावातून आले. २०१९ मध्ये अॅमस्टरडॅमने ठरवलं की रस्त्यावरच्या सुमारे ११ हजार पार्किंगच्या जागा टप्प्याटप्प्याने काढायच्या. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात २००६ नंतर चार-पाच वर्षांत शंभरहून जास्त किलोमीटरचं सलग जाळं बांधलं, त्यासाठी सुमारे ५ हजार पार्किंगच्या जागा घेतल्या, आणि जिथे सायकल जवळजवळ नव्हतीच तिथे ती रोजची झाली. सेव्हिल उन्हाचं शहर आहे बरं का. "आपल्याकडे ऊन फार" हे म्हणण्याआधी आठवा. आणि आपल्याकडे त्याच उन्हात बांधकामाच्या साइटवर जाणारा मजूर सायकल चालवतोच आहे. त्याच्या उन्हाची काळजी कुणी केली?

आता मी तुम्हाला तमिळनाडूत नेते. एका शिक्षक मैत्रिणीकडे कुंभकोणमला गेले होते. जुना तंजावर जिल्हा. भोसल्यांनी तिथे सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत राज्य केलं, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्याच जिल्ह्यात १९६८ च्या नाताळच्या दिवशी किळवेन्मणीत ४४ दलित शेतमजुरांना, बायकामुलांना जाळून मारलं, हे सांगत नाहीत. तर कुंभकोणमहून आम्ही तिरुप्पनंदाळला गेलो. मोठा शैव मठ असलेलं छोटं गाव. मंदिरांचा मुलूख. नवग्रहांची देवळं बघायला यात्रेकरू गाड्या करून फिरतात, त्यातली काही देवळं जवळच आहेत. रस्त्याच्या कडेला भाड्याच्या मोटारी, टेम्पो उभे. आणि शाळा सुटायची वेळ. मुलींच्या सायकली निघाल्या, एकसारख्या, सरकारने दिलेल्या. दोन-दोन मुली शेजारी-शेजारी, वेण्यांना रिबिनी, गप्पा मारत. कडेला मोटार उभी दिसली की ओळ मोडायची, मुली रस्त्याच्या मध्ये जायच्या, मागून बस हॉर्न मारायची.

या सायकलींची गोष्ट आपली आहे. तमिळनाडू सरकारने २००१-०२ मध्ये ही योजना सुरू केली, ती आधी अनुसूचित जाती-जमातींच्या अकरावी-बारावीच्या मुलींसाठी. नंतर ती सर्व मुलामुलींना लागू झाली. म्हणजे दलित मुलीच्या हक्कातून सुरू झालेली गोष्ट सगळ्यांची झाली. २००६ मध्ये बिहारने नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आणि त्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. तंजावरच्या शेजारी पुदुकोट्टई जिल्हा आहे. तिथे १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजूर, मुस्लिम, दलित बायका. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं मोहिमेचा भाग केलं. लोक टोमणे मारायचे, बायका चालवत राहिल्या. बाजाराला जाताना नवऱ्याची, बसची वाट बघणं संपलं.

पण मी त्या तिरुप्पनंदाळच्या रस्त्यावर बघत होते ते हे, की सरकारने सायकल दिली, रस्ता दिला नाही. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गावाकडच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल म्हणजे अर्धा हक्क. उरलेला अर्धा रस्त्यात आहे.

आता तुमच्या मनातले प्रश्न. मला माहीत आहेत, कारण माझ्या घरातच मला ते विचारले जातात.

पहिला प्रश्न माझ्या भावाचा. तो म्हणतो, "ताई, पिढ्यान्‌पिढ्या पायी चाललो. आता कुठे आपल्या पोराने कर्ज काढून गाडी घेतली, काचेवर 'जय भीम' लिहिलं, आणि आता तू म्हणतेस गाडी काढा? त्यांनी पन्नास वर्षं मिरवलं तेव्हा कुणी बोललं नाही." हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. या देशात मोटारसायकल चालवली म्हणून, मिशा ठेवल्या म्हणून आपल्या पोरांना मारलं आहे. आपल्याला गाडी म्हणजे नुसतं वाहन नाही, ती मान वर करून चालण्याची खूण आहे. ती खूण कुणी हिसकावू नये. मी गाडी घेऊ नका असं म्हणत नाही. मी म्हणते, सार्वजनिक रस्त्यावर फुकट उभी करायचा हक्क कुणालाच नसावा, सवर्णालाही नाही, आपल्यालाही नाही. भावाची गाडी एक आहे. त्याच्या वस्तीत शंभर घरं आहेत. त्यातल्या नव्वदांची पोरं पायी, सायकलने, बसने जातात. आपण वर चढलो म्हणून खालची शिडी काढायची, हे बाबासाहेबांच्या माणसाला शोभत नाही. आणि खरं सांगू का, फुकट पार्किंगचा मोठा वाटा ज्यांच्याकडे दोन-दोन, तीन-तीन गाड्या आहेत ते घेतात. आपल्या पोराच्या एका गाडीच्या आडून ते आपल्या तीन गाड्या राखतात.

दुसरा प्रश्न दुकानदारांचा. "गिऱ्हाईक तुटेल." कॅनडात टोरांटो शहरातल्या ब्लूर रस्त्यावर हा वाद झाला. दुकानदारांना वाटत होतं की बरीच गिऱ्हाइकं मोटारीने येतात. तिथे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की दहातला जेमतेम एक मोटारीने येतो. आपल्याकडे तुळशीबागेत, मंडईत, लक्ष्मी रोडवर खरेदीला येणारी किती माणसं मोटारीने येतात, कुठल्याही शनिवारी उभं राहून मोजा. शिवाय दुकानापुढची गाडी बऱ्याचदा दुकानदाराचीच असते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "सायकल मार्ग हे श्रीमंतांचं फॅड आहे. रविवारी लाखाची सायकल घेऊन, हेल्मेट घालून फिरणाऱ्यांसाठी." हा आरोप खोटा नाही. शहरात सायकलबद्दल जे बोलतात ते बहुतेक एकाच वर्गाचे, एकाच जातींचे असतात. त्यांच्या बोलण्यात पर्यावरण असतं, आरोग्य असतं, युरोप असतो. वॉचमन, बांधकाम मजूर, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, हॉटेलातला कामगार नसतो. मग मार्ग नदीकाठी होतात, बागेभोवती होतात, जिथे फिरायचं असतं तिथे होतात. जिथे कामाला जायचं असतं तिथे होत नाहीत. पण यावर उपाय मार्गाला विरोध करणं हा नाही. शिक्षण एकेकाळी त्यांचंच होतं, म्हणून जोतिबांनी शाळेला विरोध केला नाही. त्यांनी शाळा काढली.

चौथी भीती फेरीवाल्यांची आहे, आणि ती रास्त आहे. सुशोभीकरण म्हटलं की आधी टपरी जाते. म्हणून आपण या मागणीला सुरुवातीपासून अट जोडली पाहिजे: उभ्या मोटारींची जागा घ्या, पोट भरणाऱ्याची जागा घेऊ नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते हवेत, त्यात एक तृतीयांश बायका, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी यांना योग्य प्रतिनिधित्व. रस्त्याचा आराखडा त्या समितीपुढे ठेवल्याशिवाय मंजूर होऊ नये. मोटारी काढलेल्या जागेत सायकल मार्गही बसतो आणि काही ठिकाणी फेरीवाल्यांसाठी आखलेली जागाही बसते.

मग आपण मागायचं काय? मी पाच गोष्टी सांगते.

एक, मार्ग वस्तीपासून सुरू करा. ताडीवाला रोड, कासेवाडी, दांडेकर पूल, जनता वसाहत, येरवडा इथून लोक कामाला, पोरं शाळा-कॉलेजला कुठे जातात ते विचारा, आणि ते रस्ते आधी घ्या.

दोन, ज्या रस्त्यावर सायकल मार्ग, तिथे त्या बाजूचं पार्किंग पूर्ण बंद. नुसता रंग नको. मधे दगडी कठडा हवा, गाडी चढताच येऊ नये असा. आणि पदपथाला हात लावायचा नाही.

तीन, उरलेल्या पार्किंगला पैसे लावा आणि तो पैसा पीएमपीच्या बसमध्ये घाला. दूरवर राहणाऱ्या, म्हाताऱ्या, आजारी माणसाला सायकल सांगून चालणार नाही, त्याला बस हवी. अपंगांच्या गाड्यांना, रुग्णवाहिकेला, माल उतरवणाऱ्या टेम्पोला ठरलेली जागा आणि वेळ ठेवा.

चार, प्रत्येक महापालिका शाळेभोवतीच्या रस्त्यावर शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गाडी उभी करायला बंदी.

पाच, हे ठरवणाऱ्या समित्यांत सफाई कामगार, कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले यांच्या संघटना असल्या पाहिजेत. वाहतूक तज्ज्ञ हवेत, पण रस्त्यावर आठ तास घालवणारा माणूसही तज्ज्ञच आहे.

हे मागायला जागा आहे. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते. त्या सूचना भरतात कोण? ज्यांना ही सोय माहीत आहे ते. यावर्षी प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात बसून आपल्या वस्तीच्या सूचना भरू. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटलंय की विचार गाड्या हलवण्याचा नको, माणसं हलवण्याचा हवा. हे वाक्य त्यांचंच आहे, त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवू.

बोले ठराव झाल्यावर तळं आपोआप खुलं झालं नाही. चार वर्षांनी माणसांना तिथे चालत जावं लागलं. रस्त्याचंही तसंच आहे. कायदा, धोरण, आराखडा सगळं कागदावर आहे. आता वस्तीतल्या मुलीने सायकलवर बसून, न उतरता, न घाबरता शाळेत पोचेपर्यंत आपण मागं लागलं पाहिजे. तुमच्यापैकी ज्यांना आपल्या प्रभागातले रस्ते मोजायला यायचं आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर नाव द्या. टेप आणि वही मी आणते.

जय भीम. जय जोती. जय सावित्री.